गृहपाठाचा प्रश्न व त्याचे उत्तर
(महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल समयी देवळाच्या इमारतीविषयी पुष्कळ बोलले गेले, व ते योग्यच झाले. आम्ही मात्र आपले लक्ष एका लहान गोष्टीकडे वेधू इच्छितो. सायंकाळी खांबच्या परिसरात घरोघरी दप्तर उघडून बसलेले मूल वडील माणसांस गृहपाठातला प्रश्न विचारते. त्यास उत्तर कसे द्यावे?

“आम्हांस काय कळते? मास्तरांना विचार,” असे आईबाप म्हणतात, किंवा मोबाइल हाती देऊन मोकळे होतात. मोबाइल उत्तर देतो खरा. मूल ते वहीत सुवाच्य उतरवते, बाई बरोबरची खूण करतात, आणि परीक्षेच्या दिवशी त्या बिचाऱ्यापाशी काहीच उरत नाही. ज्या घरातून शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी, तेथे याची किंमत फार पडते. पाचवीत झाकलेले अज्ञान दहावीत उघडे पडते, आणि मूल शाळा सोडून हमरस्त्यावरील एखाद्या टपरीत कप विसळू लागते.

“आपल्या परिसरातील नदीची माहिती लिहा,” हाच प्रश्न घ्या. तयार उत्तर असे की कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते व अरबी समुद्रास मिळते. यात चूक काही नाही. परंतु भोवतालचे ओढे वैशाखात आटत असता कोलाडपाशी कुंडलिकेस पाणी कोठून येते, हे त्यात नाही. नदीकाठी जन्म काढलेल्या निरक्षर आजोबांस ते ठाऊक असते. पाणी भिऱ्याहून सुटते, असे ते सांगतील. पुढचा शोध मुलाने करावा. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. घाटावर मुळशी येथे मुळा नदी अडवून तिचे पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणतात, आणि त्याच्या जोराने चक्रे फिरतात. हे विज्ञान झाले. भीमा व कृष्णा यांच्या संगतीने जे बंगालच्या उपसागरास गेले असते, ते पाणी मनुष्याने पश्चिमेस वळविले, हा भूगोल. ज्यांची शेते धरणाखाली जाणार होती त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला, आणि त्याच लढ्यात पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले, हा इतिहास. मात्र एकाच्या दिव्यासाठी दुसऱ्याचे शेत बुडावे काय, हे कोणत्या विषयाच्या वहीत लिहावे? आमच्या मते ते धर्मशिक्षणाच्या वर्गात निघावे.

गणितात आईला अक्षरही येत नसले तरी चालते. “हे कसे काढलेस, मला समजावून सांग,” एवढेच तिने म्हणावे. मूल सांगू लागते, मध्येच अडखळते, आणि आपली चूक आपणच धरते. इंग्रजीस हा उपाय लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. तेथे जाणता माणूसच हवा.

बारा वर्षांचे प्रभु येशू मंदिरात सापडले ते शास्त्र्यांमध्ये बसून ऐकत व प्रश्न विचारीत असता, असे संत लूक सांगतात. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणातही श्रोते शंका काढतात व गुरू सावकाश कथा सांगतो. त्या काळी कोणास घाई नव्हती, असे आपण म्हणाल. घाई तेव्हाही असेल. पण विचारणाऱ्यास अर्ध्यावर उठविण्याची रीत नव्हती.

तेव्हा येत्या रविवारपासून मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पडवीत सतरंजी अंथरलेली असेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी, विशेषतः ज्यांचे इंग्रजी बरे आहे त्यांनी, एक तास द्यावा. उत्तर मात्र कोणाच्याही वहीत आपल्या हाताने लिहू नये. कातकरी व ठाकूर वाड्यांतील मुलांसही आमचे आग्रहाचे निमंत्रण आहे. त्यांस धर्म कोणी विचारणार नाही. आयांनी मागे उभे न राहता मुलांशेजारी बसावे. पेन्सिली आम्ही ठेवू, वही ज्याची त्याने आणावी.