खेळण्यांचे पाठभेद

१९७७ सालच्या नाताळात अमेरिकेतील दुकानांतून एक विलक्षण वस्तू विकली गेली. ती खेळणे म्हणून विकली जात होती. पण तिच्यात खेळणे नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ हा अंतराळातील युद्धाची कथा सांगणारा चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि मुलांना त्याने वेड लावले होते. त्यातील पात्रांच्या बाहुल्या करण्याचा हक्क सिनसिनाटी शहरातील केनर कंपनीकडे होता. परंतु साचे कोरून, प्लॅस्टिक ओतून आणि रंग चढवून नाताळापूर्वी माल सिद्ध करणे केवळ अशक्य होते. तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचे एक सचित्र पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र होते. ते टपालाने धाडणाऱ्या मुलास पुढील वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळाल्या: ल्यूक, राजकन्या लिया, केसाळ च्युबाका आणि आर-टू डी-टू हा यंत्रमानव.

या बाहुल्या जेमतेम पावणेचार इंच उंचीच्या होत्या. त्यांना बसावयास अंतराळयाने करावयाची, तर बाहुली लहान असणेच सोयीचे, हे त्यामागील कारण. १९७८ ते १९८५ या काळात अशी शंभराच्या आसपास पात्रे बाजारात आली. मुलांनी ती अंगणात पुरली, स्नानाच्या टबात बुडविली, त्यांच्या हातांतील इवल्या बंदुका हरविल्या. पुढे तीच मुले मोठी झाली आणि हरवलेल्या बाहुल्या शोधू लागली. त्या शोधातून एक नवा छंद, आणि छंदातून एक लहानसे शास्त्रच जन्मास आले.

जुन्या पोथ्यांशी परिचय असणाऱ्यास या शास्त्राची रीत परकी वाटणार नाही. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती होतात. लेखनिक बदलतो, शब्द बदलतो आणि पाठभेद निर्माण होतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती असेच पाठभेद पारखून. यंत्रातून निघणाऱ्या वस्तू मात्र एकसारख्याच असणार, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही.

या बाहुल्यांचे मुख्य रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेले असत. केस, डोळे, पट्टा असे बारकावे मागाहून रंगविले जात. कधी धातूचा मुखवटा बसवून त्याच्या छिद्रांतून रंगाचा फवारा मारीत, तर कधी मऊ गादीने ठसा उमटवीत. हे काम हाँगकाँग, तैवान अशा दूरच्या ठिकाणच्या कारखान्यांत चाले. कारखाना बदलला की साचा बदले, रंगाचे मिश्रण बदले, रंगविणारा हातही बदले. म्हणून लँडो या पात्राच्या काही बाहुल्यांचे दात पांढरे रंगविलेले दिसतात, तर काहींच्या चेहऱ्यावर दातांचा मागमूस नसतो. बेस्पिन नगरीतील वेशातल्या ल्यूकचे केस कोठे पिवळे, कोठे तपकिरी. योडा या वृद्ध गुरूच्या गळ्यातील सर्प एका प्रतीत नारिंगी, तर दुसरीत तपकिरी. संग्राहक भिंगाखाली पायावर कोरलेले देशाचे नाव वाचतो, रंगाची छटा ताडून पाहतो आणि ही प्रत कोणत्या घराण्यातील, याचा निर्णय करतो. ज्या कामगारांनी हे रंग दिले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. रंगाचा तो फरक हीच काय ती त्यांची स्वाक्षरी.

सर्वांत प्रसिद्ध पाठभेद एका चुकीतून आला. चित्रपटातील मद्यगृहात स्नॅगलटूथ नावाचा एक परग्रहवासी क्षणभर दिसतो. त्याची बाहुली करणाऱ्यांजवळ त्याचे केवळ कमरेवरचे छायाचित्र होते, असे सांगतात. कारागिरांनी उरलेले शरीर कल्पनेने पुरे केले: पूर्ण उंची, निळा पोशाख, पायांत रुपेरी बूट. वास्तविक ते पात्र बुटके आणि तांबड्या वेशातले होते. चूक ध्यानी आल्यावर तांबडी, ठेंगणी बाहुली निघाली. पण तत्पूर्वी सिअर्स या व्यापारी पेढीच्या १९७८ सालच्या संचातून निळी बाहुली घराघरांत पोहोचली होती. आज संग्राहक शोधतात ती निळीच. टपाल तिकिटांच्या शौकिनांना याचे नवल वाटणार नाही. १८५४ सालच्या भारताच्या चार आण्यांच्या तिकिटावर राणीचे मस्तक उलटे छापले गेले, आणि त्या उलट्या मस्तकालाच मोल आले.

परंतु जेथे मोल आले तेथे लबाडीही आली. जावा या ठेंगण्या पात्राला आरंभी प्लॅस्टिकचा झगा होता. तो दरिद्री दिसतो म्हणून लवकरच कापडाचा देण्यात आला. प्लॅस्टिकच्या झग्याचा जावा दुर्मिळ ठरताच दुसऱ्या बाहुलीचा तपकिरी झगा कातरून खोटे जावा बनू लागले. पोथीत जसे क्षेपक, तसेच हे. शिवाय काळही फसवितो. उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते, आणि अननुभवी माणूस त्या पिवळेपणालाच दुर्मिळ रंग समजून बसतो. जाणता संग्राहक म्हणूनच प्रथम संशय घेतो; त्याचे खरे धन पैसा नसून पुरावा असतो.

१९७९ साली टपालाने मिळावयाच्या बोबा फेट या बाहुलीच्या पाठीवरून स्प्रिंगने अग्निबाण उडावयाचा होता. त्याच सुमारास दुसऱ्याच एका खेळण्यातील सुटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका बालकाचा मृत्यू झाला. बोबा फेटचा अग्निबाण पाठीशी कायमचा जोडूनच मग बाहुल्या मुलांना धाडण्यात आल्या. बाण उडविणारे काही नमुने तेवढे मागे राहिले. त्यांतील हाताने रंगविलेल्या एका नमुन्यास २०२४ सालच्या लिलावात सव्वापाच लाख डॉलर मिळाले. ज्या सावधगिरीने ही किंमत निर्माण केली तिच्या मुळाशी एक मूल आहे, हे आकडा उच्चारताना विसरले जाऊ नये.

भारतही या नकाशाबाहेर नाही. १९८७ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीच्या सहकार्याने येथे फनस्कूल कंपनी स्थापन झाली. तिचा एक कारखाना गोव्यात. भविष्यकालीन शस्त्रे मिरविणाऱ्या तिच्या जी. आय. जो सैनिकांचे रंग मूळ अमेरिकन बाहुल्यांहून पुष्कळदा निराळे असत. ते निराळे रंग पाहूनच परदेशीचे संग्राहक त्यांचा आज शोध घेतात. येथील एखाद्या जुन्या पेटीत तसा सैनिक अजून पडलेला असणे असंभवनीय नाही.

काही संग्राहक बाहुली बंद वेष्टनातच जपतात. ती कोणाच्या हाती कधी गेलीच नाही, यात तिचे मोल. दुसऱ्यांना झिजलेल्या रंगाची, एका हाताने पांगळी बाहुली अधिक प्रिय असते. पहिल्या प्रकारची बाहुली कारखान्याचा इतिहास सांगते, दुसरी बाळपणाचा. दोहोंचीही नोंद राहावयास हवी. मात्र झिजलेल्या बाहुलीवर नवा रंग चढविला, तर दोन्ही इतिहास एकदमच पुसले जातात.