दोन कागदांचं लग्न

आपल्याकडे लग्न ठरलं की घरात तीन प्रश्न फिरू लागतात. तारीख कोणती, माणसं किती आणि पैसे कुठून आणायचे? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ह्यूस्टन शहरातही हे तीन प्रश्न पाठ सोडत नाहीत. पण तिथे त्यांच्या जोडीला चौथा प्रश्न येऊन बसतो, तो कागदाचा. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे. कारण त्या परमुलखातल्या कागदाने आमच्या घरातला एक जुना कागद ट्रंकेतून काढून वाचायला लावला.

माझी भाची ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये नर्स आहे. सेंटर म्हणतात, पण ती रुग्णालयांची एक आख्खी वसाहतच आहे. मुलगा त्याच शहरात वाढलेला, घराणं मूळचं हैदराबादचं. भाचीचे वडील हयात नाहीत. तेव्हा मामू म्हणून वडीलकीची कामं माझ्याकडे आली. कऱ्हाडात फजरची नमाज आटोपली की मी फोन घेऊन बसायचो. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची, भाची ड्यूटीवरून परतलेली असायची. असं आठ महिने चाललं.

सुरुवात तारखेपासून झाली. आमच्याकडे मोहरम आणि रमजान टाळतात. ह्यूस्टनचं स्वतःचंही एक पंचांग आहे. आखाताजवळचं शहर असल्यामुळे १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथे चक्रीवादळांचा हंगाम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या पावसाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, हे तिथला माणूस विसरलेला नाही. उन्हाळ्यात दमट उकाडा असा, की बाहेर मांडव घालायचं कुणाच्या मनातही येत नाही. मार्चमध्ये रोडिओ असतो. म्हणजे घोडेस्वारी, जनावरांचं प्रदर्शन, गाण्यांचे कार्यक्रम. तीन आठवडे शहर त्या जत्रेच्या नादात. आमची बोलणी चालू असतानाच, ८ जुलै २०२४ ला, बेरिल वादळ आलं आणि वीस लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले. भाचीचा फोन दोन दिवस लागला नाही. माझ्या बहिणीने त्या दोन दिवसांत लग्नाची सगळी खरेदी मनातल्या मनात रद्द केली. फोन लागला तेव्हा भाची म्हणाली, "मामू, डिसेंबरच बरा."

डिसेंबरात शाळांना सुट्ट्या, पाहुण्यांची सोय. पण त्याच दिवसांत नाताळच्या मेजवान्या, त्यामुळे हॉलचे भाव चढलेले. तिथे शनिवारची संध्याकाळ सगळ्यांत महाग, शुक्रवार-रविवार त्या मानाने स्वस्त. शेवटी निकाह शुक्रवारी, २७ डिसेंबरला, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत आणि वलीमा रविवारी हॉलमध्ये, असं ठरलं.

हॉलचा करार हा वाचण्यासारखा ऐवज असतो. ताटामागे भाव लिहिलेला असतो, पण तो शेवटचा भाव नव्हे. त्यावर सेवाशुल्क, वर सव्वाआठ टक्के विक्रीकर. बाहेरचा आचारी आणायचा तर त्याचे वेगळे पैसे. आम्हाला हलाल जेवण हवं, म्हणजे आचारी बाहेरचाच. एका दिवसाचा विमा. दाराशी पोलीस बंदोबस्त, त्याचे पैसे तासावर. रात्री बारानंतर थांबलात तर पुन्हा तासाचे पैसे. आणि एक कलम असं, की हॉलमध्ये हळद लावायची नाही, डाग पडतात. महाराष्ट्रातल्या मुसलमानाघरी हळदीशिवाय लग्न कसं होणार? मग हळद मुलाच्या चुलत्यांच्या गॅरेजमध्ये झाली. गाड्या रस्त्यावर काढल्या, खाली सतरंज्या अंथरल्या आणि कऱ्हाडच्या बायकांनी हैदराबादच्या बायकांना आपली गाणी शिकवली. सगळ्या समारंभात मला आवडलेली जागा तीच.

हळद-मेंदीची, कपड्यांची खरेदी हिलक्रॉफ्ट अव्हेन्यूवर. साड्या, दागिने, मिठाई, मसाले, सगळं एका ठिकाणी. त्या भागाला २०१० पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव आहे. गांधीजींच्या नावाच्या पेठेत जरीचा लेहंगा किती डॉलरला पडतो, हे मी इथे सांगत नाही.

माणसांच्या संख्येवरून मात्र थोडं वाजलं. तिथे पत्रिकेसोबत विचारतात, तुम्ही येणार की नाही, किती जण येणार, अमुक तारखेपर्यंत कळवा. हॉलवाल्याला आकडा आधी द्यावा लागतो आणि त्याच आकड्याचे पैसे पडतात. बहीण म्हणाली, "पाहुण्याला असं विचारतात का? आपण बोलवायचं, यायचं न यायचं त्याच्या मर्जीवर." तिचं म्हणणं आपल्या रिवाजाला धरून होतं. पण ज्या गावात पाहुणा विमानाने येतो आणि ताटाची किंमत डॉलरमध्ये असते, तिथे हा प्रश्न उद्धटपणाचा राहत नाही. तिने स्वतः बसून चाळीस फोन केले आणि आकडा पक्का केला.

आता कागदाकडे येतो. टेक्सासमध्ये लग्नाआधी काउंटीच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. दोघांनी ओळखपत्र घेऊन जायचं, शपथेवर अर्ज भरायचा. परवाना मिळाल्यावर बहात्तर तास थांबायचं आणि नव्वद दिवसांच्या आत लग्न लावायचं. राज्यातल्या कोणत्याही काउंटीचा परवाना राज्यात कुठेही चालतो. अर्जात एक प्रश्न आहे, तुम्ही एकमेकांचे चुलत, मामे, आते, मावस भावंडं नाही ना? असतील तर परवाना नाही. हा नियम तिथे २००५ मध्ये आला. माझे आई-वडील चुलत भावंडं होते. सुदैवाने त्यांनी कऱ्हाडात लग्न केलं.

आणखी एक गंमत. लग्नाआधी जोडप्याने आठ तासांचा एक अभ्यासवर्ग केला, तर परवान्याच्या फीत साठ डॉलरपर्यंत सूट मिळते आणि बहात्तर तास थांबावंही लागत नाही. वर्गात काय शिकवतात? एकमेकांशी बोलावं कसं आणि भांडण मिटवावं कसं. भाची आणि जावई दोघांनी तो वर्ग केला. जावई म्हणाला, "मामू, भांडणाची रिहर्सल झाली."

सरकारला साक्षीदार लागत नाहीत. निकाहला दोन लागतात. सरकारला लग्न लावणाऱ्याची सही हवी, आणि ती इमामाची चालते. त्याने सही केलेला परवाना तीस दिवसांच्या आत कार्यालयात परत पोचवायचा. म्हणजे एकाच बैठकीत दोन कागद पुरे होऊ शकतात, सरकारचा परवाना आणि आपला निकाहनामा.

पण सप्टेंबरात मुलाच्या वडिलांचा फोन आला. सरळ, मोकळा माणूस. म्हणाले, "भाईसाब, आत्ता न्यायाधीशापुढे लग्न नोंदवून टाकू. मुलाच्या नोकरीतला आरोग्यविमा मुलीला लागू होईल. निकाह डिसेंबरात थाटात करू." सल्ला व्यवहाराचा होता, तिथे पुष्कळ लोक तसंच करतात. मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. त्यांच्याच घरातल्या एका वकील नातेवाइकाने आम्हाला थांबवलं आणि एका खटल्याची हकिगत सांगितली.

ह्यूस्टनच्या अपील न्यायालयाने तो खटला २००८ मध्ये निकाली काढला. त्या जोडप्याचं सरकारी लग्न आधी झालं होतं आणि काही महिन्यांनी धार्मिक विधी. त्या विधीच्या वेळी पन्नास हजार डॉलरचा मेहर लिहिला गेला. पुढे घटस्फोट झाला. खालच्या न्यायालयाने मेहर द्यायला सांगितला, पण अपिलात तो हुकूम टिकला नाही. न्यायालयाने म्हटलं, हा विवाहपूर्व करार धरता येणार नाही, कारण सही केली तेव्हा ही दोघं कायद्याने नवरा-बायको झालेलीच होती.

श्रोत्यांपैकी अनेकांना मेहर म्हणजे काय, हे माहीत असेल. नवऱ्याने बायकोला द्यायची ही रक्कम असते. तो तिचा हक्क आहे आणि तिच्या बापाचाही त्यावर अधिकार नाही. मेहर दोन प्रकारचा. लगेच द्यायचा तो मुअज्जल आणि पुढे कधीतरी द्यायचा तो मुवज्जल. अरबीत एकात 'ऐन' आहे, दुसऱ्यात 'हमजा'. आपल्या तोंडी मात्र दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच उमटतात. 'आत्ता' आणि 'नंतर' यांच्यात एका अक्षराचं अंतर, आणि त्या अक्षरात कितीतरी बायकांचे पैसे बुडाले.

माझ्या बहिणीचे बुडाले. १९९४ मध्ये तिचा मेहर पाच हजार एक रुपये ठरला. नवरा भला होता, पण मेहरचा विषय संसारात निघाला नाही. २०११ मध्ये तो गेला. जनाजा उचलायच्या आधी बायकांनी तिला धरून आणलं आणि म्हणाल्या, "मेहर माफ कर, त्याच्या जिवावर ओझं नको." तिने रडत रडत माफ केला. त्या घडीला कोण नाही म्हणेल? शरीअत सांगते, न दिलेला मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे आणि वारसांत वाटणी करण्याआधी ते फेडायचं आहे. आम्ही कर्ज फेडायच्या ऐवजी विधवेकडून पावती लिहून घेतो.

खटल्याची गोष्ट ऐकल्यावर बहिणीने ट्रंक उघडली आणि आपला निकाहनामा काढला. तीस वर्षांत तिने तो पहिल्यांदा नीट पाहिला. आकडा लिहिलेला होता. मुअज्जल की मुवज्जल, तो रकाना कोराच होता. कुणी विचारलं नव्हतं, काझीने भरला नव्हता. मला ती एवढंच म्हणाली, "भाई, पोरीचा रकाना कोरा नको."

मी मुलाच्या वडिलांना फोन केला. विम्यासाठी तीन महिने थांबू, निकाह आणि परवान्यावरची सही एकाच दिवशी होऊ दे, असं सांगितलं. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मेहर तो शान के लिए लिखते हैं, लेता कौन है?" त्यांच्याकडे मोठा आकडा लिहायची रीत, आमच्याकडे लहान. पण दोन्हीकडे तो द्यायचा असतो, हे कुणाच्या मनात नसतं. वाद वाढला असता. तो भाचीनेच मिटवला. फोनवर आम्ही सगळे होतो, ती म्हणाली, "आकडा तेवढाच लिहा, जेवढा तो देऊ शकतो. आणि निकाहच्या आधी देऊ दे." जावई लगेच हो म्हणाला. त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम ठरली. त्याच आठवड्यात ती भाचीच्या खात्यात जमा झाली. टेक्सासच्या कायद्यात लग्नानंतरची कमाई सहसा दोघांची धरतात, पण लग्नाआधी जे ज्याचं असतं ते त्याचंच राहतं. तेव्हा ते पैसे दोन्ही कायद्यांनी तिचे.

निकाहच्या दिवशी मी वकील होतो, म्हणजे मुलीची संमती विचारणारा. आमच्याकडे पदराआडून हुंकार आला की झालं, कधी तोही शेजारची बाई देते. इथे भाचीने संपूर्ण निकाहनामा आधी वाचला, मोठ्याने "कबूल है" म्हटलं आणि सही केली. मेहरच्या रकान्यात लिहिलं होतं, मुअज्जल, पूर्ण पोचला. मग इमामाने दुसरा कागद पुढे ओढला आणि सरकारच्या परवान्यावर सही केली. सगळं मिळून वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांचे मोबाइल एकदम ओरडू लागले. टॉर्नेडोचा इशारा. वादळांचा हंगाम टाळून काढलेल्या तारखेलाही आभाळाने आपली हजेरी लावलीच. शहराच्या दक्षिणेला ब्राझोरिया काउंटीत एक जीव गेला. आम्ही वाचलो आणि रविवारी वलीमा पार पडला.

अमेरिकेचे कायदे आपल्यापेक्षा शहाणे आहेत, असं मला म्हणायचं नाही. निकाह हा करार आहे, हे आपल्याला चौदाशे वर्षांपासून सांगितलेलं आहे. त्यात बाईच्या नावाचा रकाना आहे, तिच्या सहीची जागा आहे. त्यासाठी ह्यूस्टनला जायची गरज नाही. तुमच्या घरात लग्न ठरेल तेव्हा मांडव, बिर्याणी, बँडबाजा यांच्याआधी अर्धा तास काढा आणि तो कागद मुलीच्या हातात द्या. आपला मुलगा द्यायच्या बाजूला असेल, तर तिथेही वाचा. काझीला विचारा, मेहर आत्ता की नंतर, आणि उत्तर ऐकू आलं तरी लिहून घ्या. ऐकताना दोन्ही शब्द सारखेच वाटतात.