उपदेश कमी, माणसं जास्त



 

आपल्या ख्रिस्ती मराठी लेखनाला एक जुनी खोड आहे. गोष्ट रंगात आली की पात्रं गप्प होतात आणि लेखक वेदीवर चढतो. वसईच्या साध्या माणसाने मात्र आपली श्रद्धा शेजाऱ्यापर्यंत पोचवली ती व्यवहारातून. हा व्यवहार आपल्या साहित्यात अजून पुरता उतरलेला नाही.

पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जाणाऱ्या आपल्या बायका आठवा. आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून जुड्या बांधायच्या. वर ताजी पानं, आत पिवळी, अशी जुडी बांधणं काही अवघड नाही; फसवणूक गिऱ्हाइकाला घरी गेल्यावरच कळते. दिवा लागल्यावर एकेक पिवळं पान खुडून बाजूला टाकणाऱ्या बाईने तोंडाने धर्म सांगितला नाही. पण ही क्रूसवाली बाई फसवत नाही, एवढं तिच्या गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक झालं.

हीच वृत्ती संस्थांतही उतरली. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी वसईत सहकारी पतसंस्था काढली. आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला स्वस्त कर्ज मिळणं, हीदेखील शुभवार्ताच होती. पुढे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले, ते इथली जमीन आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी. विहीर आटली की ती धर्म विचारून आटत नाही, म्हणून त्या लढ्यात सगळ्या धर्मांचे लोक आले. २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोधही झाला. मराठी वाचकाने मात्र त्यांना केव्हाच आपलं म्हटलं होतं.

लेखनाचा वस्तुपाठ हवा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या वर्षांतलं सोवळं-ओवळं, रुसवे, ताटातूट आणि हळूहळू गळून पडलेला जातीचा अभिमान त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःला हसत हसत सांगितला. वाचकाला ख्रिस्ती करावं असा आव त्या पुस्तकात कुठेच नाही. म्हणूनच ते सर्व धर्मांच्या मराठी घरांत वाचलं गेलं. पोप पॉल सहावे यांनीही १९७५ साली जगभरच्या चर्चला बजावलं होतं की आजचा माणूस शिकवणाऱ्यापेक्षा साक्ष देणाऱ्याचं अधिक ऐकतो.

पण साक्ष दोन्ही बाजूंनी होते. आपल्या वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराला पुरती मजुरी मिळते का? त्याला चहा घरातल्या कपात मिळतो की वेगळ्या? परप्रांतातून आलेल्या भाडेकरूच्या घरी मयत झाली तर आपण तिथे जाऊन बसतो का? रविवारी मिस्साला भरलेलं देऊळ बाहेरचे लोक बघतात. सोमवारचा हिशेबही तेच बघतात. धर्मांतराच्या नावाने संशय घेतला जातो अशा काळात खुलाशाच्या पत्रकांपेक्षा हा हिशेब चोख असणं महत्त्वाचं. तो चोख नसेल तर तेही लिहायला हवं. आपल्याच समाजाच्या उणिवांवर बोट ठेवणारा लेखक श्रद्धेचा शत्रू नसतो.

तेव्हा तरुण लेखकांना माझी विनंती आहे. आपल्या सामवेदी बोलीत लिहा, प्रमाण मराठीत लिहा, पण वाडीतला, बाजारातला, रुग्णालयातला माणूस लिहा. तो चुकला तर चुकलेला दाखवा. वाचकाच्या हाती उपदेश ठेवू नका, माणूस ठेवा; काय घ्यायचं ते वाचक ठरवील.