समाजमाध्यम आणि दुकानाचा जमाखर्च

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



व्यापाराविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आपल्या ज्ञातीत दुकानदार पुष्कळ. आणि अलीकडे आपली कित्येक मुले-मुली कंपन्यांच्या समाजमाध्यम विभागांत नोकरीस लागली आहेत. वडील गादीवर आणि मुलगी फेसबुक-इन्स्टाग्रामवर, असे दृश्य आता घरोघरी दिसते. वडिलांना वाटते, ही पोरे दिवसभर चित्रे टाकीत बसतात. मुलीला वाटते, आपल्या श्रमांची येथे कदर नाही. आमच्या अनुभवाप्रमाणे यात वडिलांची चूक अधिक असते. ती कशी, हे सांगण्याचा आजचा यत्न आहे.

प्रथम परदेशातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. २०१० साली अमेरिकेत पेप्सीने ‘सुपर बोल’ या मोठ्या सामन्यातील आपली नेहमीची जाहिरात दिली नाही. त्याऐवजी समाजोपयोगी कामांस २ कोटी डॉलर देण्याची योजना काढली. कोणत्या कामास पैसा द्यावयाचा, हे लोकांनी इंटरनेटवर मत देऊन ठरवावयाचे होते. मते कोट्यवधी पडली. फेसबुकवर चाहतेही लक्षावधी जमले. पण त्याच वर्षाच्या विक्रीत पेप्सी तेथील दुसऱ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उतरली आणि डाएट कोक पुढे गेला. याची कारणे अनेक असतील, कारण त्या देशात गोड पेयांचा खपच उतरणीस लागला होता. तथापि मत देणे आणि बाटली विकत घेणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढा बोध त्यातून निःसंशय मिळतो. टाळ्या वाजविणारा प्रत्येक मनुष्य गिऱ्हाईक नसतो.

आता घरची गोष्ट. आमच्या वडिलांनी सुरू केलेले तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आज एका लहान कंपनीच्या रूपाने चालते. आमची पुतणी व तिचे दोन सहकारी तिचे समाजमाध्यम पाहतात. आम्ही त्यांस एवढेच सांगितले होते, “आपले नाव सर्वत्र झाले पाहिजे.” त्यांनी ठोक्याच्या कामाची एक सुरेख चित्रफीत काढली. ती हजारो लोकांनी पाहिली. दुकानात मात्र गर्दी होती तेवढीच राहिली. आम्ही रागाने बोललो. त्यावर पुतणी शांतपणे म्हणाली, “काका, चित्रफितीखाली लोक किंमत विचारतात, कल्हई कोण करून देईल म्हणून विचारतात, पितळी पातेले इंडक्शनच्या शेगडीवर चालेल का म्हणून विचारतात. मला भाव कोणी सांगत नाही, गोदामात काय शिल्लक आहे तेही सांगत नाही. मग मी त्यांना उत्तर काय देऊ?” त्या दिवसांत ती दुसरीकडे नोकरी शोधीत होती, हे आम्हांस मागाहून कळले.

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. गिऱ्हाईक उंबरठ्यावर उभे होते, आणि त्यास उत्तर देणाऱ्या माणसाच्या हाती आम्ही किल्लीच दिली नव्हती.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. पहिला नियम असा की, उद्दिष्ट नेमके सांगावयाचे. “नाव व्हावे” हे उद्दिष्ट नव्हे. “लग्नसराईपूर्वी रुखवताच्या भांड्यांची चौकशी वाढावी” हे उद्दिष्ट होय. दुसरा असा की, दर सोमवारी भाव, शिल्लक माल व पोचविण्याची मुदत या मुलांस द्यावयाची. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ साली निघाले व त्यात मालाची यादी मांडण्याची सोय २०१९ साली झाली. परंतु यादीतील भाव जुना असेल तर ती सोय गैरसोयच ठरते. तिसरा नियम जुन्या वहीचा: चौकशी किती आल्या, उत्तरे किती गेली, खरेदी किती झाली, हे तीन रकान्यांत मांडावयाचे. दुकानात येणाऱ्यासही “आमची माहिती कोठे मिळाली?” असे विचारावयाचे. जाहिरातीवर जो पैसा खर्च होतो, तोही त्याच वहीत लिहावयाचा.

केवळ चाहत्यांच्या संख्येवर विसंबून चालत नाही, याचे आणखी एक कारण आहे. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केले की, धंद्यांच्या पानांपेक्षा आप्तमित्रांच्या मजकुरास प्राधान्य दिले जाईल. म्हणजे चाहते आपले असले तरी त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट परक्याच्या हाती असते. यास्तव ज्याने चौकशी केली, त्याच्या अनुमतीने त्याचा पत्ता आपल्या वहीत असावा.

चौथा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांनी बाजाराची बातमी आत आणावी आणि वडीलधाऱ्यांनी ती ऐकावी. कल्हईविषयीचे प्रश्न वारंवार आले, म्हणून आम्ही महिन्यातून एक दिवस दुकानातच कल्हईवाल्यास बसविले. जुनी भांडी घेऊन आलेल्या गृहिणी नवी भांडीही पाहू लागल्या. नुसते तांबे-पितळ साध्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही, हेही पुतणीने स्पष्ट लिहिले. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे गेले असेल. पण भांडे परत घेऊन भांडावयास येणारे थांबले.

सर्वच गोष्टी वहीत मावतात, असे आमचे म्हणणे नाही. दुकानाची पत वर्षानुवर्षांनी वाढते. तिचा हिशेब एका महिन्यात मागणे म्हणजे आज लावलेल्या आंब्याखाली उद्या पाटी घेऊन बसणे होय.

वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, या मुलांस व्यवहाराच्या बैठकीत जागा द्यावी. आणि मुलांनो, किती लोकांनी पाहिले हे सांगून थांबू नका. त्यांपैकी किती जणांच्या उपयोगी पडलो, तेही सांगा. आमची पुतणी दुकानातच राहिली. सोमवारच्या बैठकीत आता तीच प्रथम बोलते, आणि आम्ही वही उघडून ऐकतो.