शुश्रूषा केंद्र पारखताना

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता 'ज्येष्ठांची काळजी'. तो मी थोडा आवळून घेतला आहे. आईवडिलांशी प्रेमाने वागा, हे सांगायला माझी गरज नाही. मी 34 वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, शेवटची सहा वर्षं वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. तेव्हा मला जे येतं तेवढंच बोलते. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, घरी निभेना, आणि एखाद्या केंद्रात ठेवायची वेळ आली, तर ते केंद्र चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं?

25 वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा शाळेच्या रिक्षा गेटच्या आत याव्यात की नाही यावरून जनरल बॉडीत भांडणं व्हायची. आता लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही यावरून होतात. आजच्या घडीला आपल्या तीन विंगमध्ये मिळून चार माणसं पूर्ण अंथरुणावर आहेत. ब्युरोची बाई न सांगता गावी गेली की त्या घरांत काय होतं, तेही आपण जिन्यातून ऐकतो. मग कुणी तरी केंद्राचा विषय काढतं आणि लगेच शब्द येतो, 'टाकलं'. आईला तिकडे टाकलं. हा शब्द आपण सोसायटीपुरता तरी बंद करू या का? ज्या घरातली सून दोन वर्षं रात्री सलग तीन तास झोपलेली नाही, त्या घराला तो शब्द ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. केंद्र निवडणं हाही काळजीचाच भाग आहे, फक्त ते डोळसपणे व्हायला हवं.

आधी नावांचा घोळ सोडवते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. त्यांच्या नोंदणीचा कायदा 1949चा आहे. 'वृद्धाश्रम' म्हणजे साधारण हिंडत्याफिरत्या माणसांची राहण्याजेवणाची सोय. आपल्याला हवं असतं ते या दोघांच्या मधलं: पक्षाघात झालेला, मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेला, नळीने जेवणारा, स्मृतिभ्रंश झालेला माणूस जिथे महिनोन्‌महिने सांभाळला जाईल अशी जागा. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या माणसाला लागणारी शुश्रूषा तिथे रोज होते का, एवढंच बघायचं.

आपली बरीच मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून तिथलंही थोडं सांगते. तिथे अशा जागेला स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी म्हणतात. हॉस्पिटलात किमान तीन दिवस दाखल राहिल्यावर, गरज असेल तर, मेडिकेअर हे सरकारी विमा खातं तिथला खर्च जास्तीत जास्त 100 दिवसांपर्यंत उचलतं, त्यातले पहिले 20 दिवस पूर्ण. पुढचे दिवस रोजचा ठरावीक भाग रुग्णाने द्यायचा. 1987च्या कायद्याने तिथल्या रुग्णांचे हक्क ठरवून दिले आणि 2008पासून सरकार प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारे देतं. हॉटेलाला देतात तसे. हे तारे तीन गोष्टींवरून ठरतात: न सांगता होणारी तपासणी, कामावर किती माणसं आहेत ती संख्या, आणि रुग्णांची अवस्था. यातली गंमत बघा. रुग्णांच्या अवस्थेची बरीचशी माहिती केंद्र स्वतःच भरतं, म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा. माणसांची संख्यासुद्धा पूर्वी केंद्रच सांगायचं; पुढे सरकारने थेट पगाराच्या नोंदी मागायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी किती माणसं असतात तेही आता वेगळं मोजतात. तुमचा मुलगा फोनवर 'आई, हे पाच तारेवालं आहे' म्हणाला, तर त्याला विचारा, तपासणीचे तारे किती आणि माणसांचे किती? एकूण बेरजेवर जाऊ नकोस म्हणावं.

आपल्याकडे असे तारे नाहीत. आपले इन्स्पेक्टर आपणच. पण त्यांची युक्ती उचलायला पैसे पडत नाहीत: न सांगता जायचं, आणि रविवारी जायचं.

आता माझ्या बहिणीचं सांगते. 2017 साली आक्काला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलने डिस्चार्जचा कागद हातात दिला आणि दोन दिवसांत जागा शोधायची होती, जशी सगळ्यांनाच शोधावी लागते. जे केंद्र मिळालं ते दिसायला उत्तम. ग्रॅनाइटचं रिसेप्शन, गणपतीची मूर्ती, फिश टँक, प्रत्येक खोलीत टीव्ही. तिसऱ्या आठवड्यात मी एका रविवारी दुपारी सव्वातीनला गेले. कॉटच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता अडकवलेला असतो, दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ, आणि सही. मी तो वाचला. त्यात संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या.

मी काही बोलले नाही. आक्काची चादर बाजूला केली, तिला कुशीवर घेतलं आणि माकडहाडावर बघितलं. रुपयाएवढी जागा काळपट लाल, हाताला गरम. बोट दाबून सोडलं तरी रंग तसाच. ही शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची, पहिली पायरी. चार पायऱ्या असतात, चौथीला हाड दिसतं. पहिलीला लक्ष दिलं तर जखम होतच नाही.

हे तुम्हालाही बघता आलं पाहिजे, म्हणून सविस्तर सांगते. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू, या जागा प्रत्येक भेटीत बघायच्या. लाजायचं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून उलट्या हाताने स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागलं तर समजा. तिथे चोळायचं नाही. आमच्या काळी स्पिरिट लावून, पावडर टाकून पाठ चोळायची पद्धत होती, ती आता गेली; लाल झालेल्या जागी चोळल्याने आतलं मांस आणखी दुखावतं. रबरी रिंगही नको. आणि 'एअर बेड आहे ना, मग कूस कशाला बदलायची?' असं कुणी म्हणालं, तर त्याला शुश्रूषेतलं कळत नाही एवढं नक्की. एअर बेड मदतीला असतो, माणसाचं काम तो करत नाही.

पण न्यायही करायला हवा. बेडसोअर दिसला की केंद्र वाईट, असं सरसकट म्हणू नका. पुष्कळ रुग्ण ती जखम हॉस्पिटलातून घेऊन येतात. शेवटच्या दिवसांत, शरीरच थांबायला आलेलं असताना, कितीही केलं तरी कधी कधी टळत नाही. म्हणून विचारायचं: आला तेव्हा अंगावर काय होतं, त्याची नोंद दाखवा. चांगलं केंद्र पहिल्याच दिवशी डोक्यापासून पायापर्यंत बघून लिहून ठेवतं, तुमच्यासमोर. वजनही घेतं. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टरांना सांगायची वेळ आली. 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो. आपल्याला सहज 'वयोमानाने' वाटून जातं.

शुश्रूषेचा दर्जा मोजायचा कसा यावर अवेदिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 साली एक लेख लिहिला, तो आजही जगभर शिकवतात. त्यांनी दर्जाच्या तीन बाजू सांगितल्या: जागा आणि साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काम कसं होतं, आणि रुग्णाचं शेवटी काय झालं. आपण नातेवाईक पहिलीवरच अडकतो, कारण ती दारातून दिसते. ग्रॅनाइट, फिश टँक. दुसरी बघायला तिथे तासभर बसावं लागतं.

बसायचं तर जेवणाच्या वेळेला बसा. भरवणारी मावशी एका वेळी किती जणांना भरवते? घास गिळला का ते बघून पुढचा देते की उरकते? माणूस पाठ टेकून नीट बसवलेला आहे ना? आडव्या माणसाला भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. नळीने फीड देताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच हवी. युरीन बॅग नेहमी लघवीच्या पिशवीच्या पातळीखाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. पाण्याचा पेला रुग्णाच्या हाताशी आहे की खिडकीत, हेही बघा. वासाचं म्हणाल, तर सकाळी डायपर बदलायच्या वेळी वास येणारच, त्याला नाक मुरडू नका. दुपारी चारला पॅसेजभर तोच वास असेल, किंवा फिनेलचा एवढा भपकारा असेल की डोळ्यांत पाणी यावं, तर विचार करा.

पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. आपण सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. काम करणाऱ्या मावश्या नसतील तर आमच्यासारख्यांचं काही चालत नाही. पण इन्सुलिन कोण देतं, नळी कोण घालतं, कॅथेटर कोण बदलतं? तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का? रात्री दोन वाजता मजल्यावर किती माणसं जागी असतात? ऑफिसातला उत्तर देईल त्यावर थांबू नका, हेच प्रश्न जिन्यात भेटलेल्या मावशीला गोडीत विचारा. ती किती महिने तिथे आहे तेही विचारा. दर महिन्याला नवे चेहरे दिसत असतील तर तिथे पगार वेळेवर होत नाहीत किंवा काम झेपत नाही, आणि दोन्हींचा भार शेवटी आपल्या आजीवर येतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. दुपारी सगळे रुग्ण अगदी शांत झोपलेले असले की नातेवाईकांना बरं वाटतं. मला भीती वाटते. स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळी ओरडतात, उठून चालू लागतात, आणि माणसं कमी असली की झोपेच्या औषधावर भागवलं जातं. या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही मनोविकाराच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 सालीच दिला आहे. औषधाची गरज कधी खरोखर असते. पण कोणत्या डॉक्टरांनी, कधी, किती दिवसांसाठी लिहिलं, हे कागदावर हवं. हात कॉटला बांधलेले दिसले तर त्याच क्षणी कारण विचारा.

आक्काला आम्ही अकराव्या आठवड्यात हलवलं. नवी जागा जुन्या बंगल्यात, रंग उडालेला, लिफ्ट नाही, आणि इथून दीड तास. जेवण असं अळणी की मीच लोणच्याचा खार घेऊन जायचे. तिथेही चुका व्हायच्या. एकदा तिचा चष्मा हरवला तो आठ दिवसांनी दुसऱ्याच बाईच्या नाकावर सापडला! पण तिथल्या मुख्य सिस्टरने चष्मा हरवल्याचा फोन स्वतः मला केला होता. आधीच्या ठिकाणी आक्का कॉटवरून घसरली ते मला कपाळावरच्या टेंगळावरून कळलं होतं. माझ्या तराजूत हा फरक सगळ्यात जड. चूक झाली की आपल्याला सांगतात की लपवतात?

आणि आक्काचा स्वतःचा कौल होताच. बोलता येत नव्हतं, पण पहिल्या ठिकाणी एक ठरावीक बाई खोलीत आली की ती मान भिंतीकडे फिरवायची. बंगल्यात एक मावशी तिची वेणी घालायची, तेव्हा ती डावा हात वर करून तिच्या गालाला लावायची. आपल्या माणसाचा चेहरा वाचा. मोबाइल खिशात ठेवून पंधरा मिनिटं नुसते बसलात तर कळतं.

पैशाचं थोडक्यात. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून मिळणार, डायपर-औषधं-फिजिओ महिन्याच्या रकमेत आहेत की वेगळे, अर्ध्या रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं तर कोण नेणार, हे सही करण्याआधी लेखी घ्या. प्रत्येक रकमेची पावती घ्या. आणि भेटीच्या वेळा फार काटेकोर असतील, खोलीपर्यंत जाऊच देत नसतील, तर ती जागा सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

2007चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आपल्याला माहीत असावा; मुलांनी पोटगी नाकारली तर त्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. केंद्रात काही गैर दिसलं आणि तिथे कुणी ऐकत नसेल तर पुढे कुठे जायचं हे तिथे विचारता येतं. क्रमांक नोटीस बोर्डावर लावायला मी सेक्रेटरींना सांगितलं आहे.

माझी कमिटीला एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांना कुणाला ठेवायचं आहे, त्यांच्यासोबत बघायला मी येईन. पण माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, तेव्हा आणखी दोन-तीन जण हवेत. नर्सच असायला हवी असं नाही. डोळे आणि नाक शाबूत असलेला, न लाजता चादर उचलून बघणारा कुणीही चालेल. दोघं दोघं जाऊ, एक रविवार दुपार आणि एक रात्र. नावं आज चहाच्या वेळी माझ्याकडे द्या. बी विंगचे काका केव्हाचे हात वर करून बसलेत, त्यांचा प्रश्न आधी घेते.