श्वासाचा जमाखर्च

(वार्षिक सभेच्या प्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेचा जमाखर्च आपल्यासमोर सादर झालाच आहे. आता आम्ही आणखी एका जमाखर्चाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो प्रत्येकाच्या छातीत अहोरात्र चालू असतो. प्राणवायू ही त्याची जमेची बाजू आणि कार्बन डायऑक्साइड ही खर्चाची. माणूस स्वस्थ बसलेला असताना हा हिशेब बहुधा जुळलेला दिसतो. श्रम वाढू लागले म्हणजे त्यातील तूट उघडी पडते. आजच्या विवेचनाचा मुद्दा एवढाच आहे.

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे 6 ते 8 लिटर हवा आत घेते. त्यातील साधारण 250 मिलिलिटर प्राणवायू शरीर वापरते व सुमारे 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. ही देवघेव फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांत होते. ते सारे उलगडून पसरले, तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे बी.डी.डी. चाळीतील 160 चौरस फुटांच्या जवळजवळ 5 खोल्या. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतून रक्त साधारण पाऊण सेकंदात पुढे सरकते, आणि प्राणवायू भरून घेण्यास त्याला यातील एक तृतीयांश वेळ पुरतो. उरलेला वेळ ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक होय.

आता हीच व्यक्ती दादर स्थानकाच्या पुलाचा जिना चढू लागली असे समजा. स्नायूंची मागणी वाढते, श्वास खोल होतो, हृदय अधिक रक्त ढकलू लागते. विश्रांतीत मिनिटाला 5 लिटर असणारा रक्तप्रवाह कमाल श्रमात 20 लिटरपर्यंत जातो. श्रमणाऱ्या स्नायूत उष्णता, आम्लता व कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. अशा ठिकाणी रक्त आपला प्राणवायू अधिक सहजपणे सोडते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम ख्रिश्चन बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 साली दाखवून दिला.

श्रम हळूहळू वाढवत नेले, तर काही काळ जमा आणि खर्च बरोबरीने चढतात. पुढे एक उंबरठा येतो. त्यापलीकडे स्नायूंत तयार होणारे आम्ल रक्तात साठू लागते. रक्तातील क्षार ते शमवतात, आणि त्या क्रियेतून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वासाचा वेग एकाएकी वाढतो. चालता चालता गप्पा मारणाऱ्याला आता सलग वाक्य बोलणे जमत नाही. हा उंबरठा उच्छ्वासातील वायूंवरून ओळखण्याची पद्धत वासरमन आणि मॅकिलरॉय यांनी 1964 साली मांडली.

यावरून ध्यानात येईल की धाप लागणे म्हणजे प्राणवायू कमी पडणे, हा समज सर्वस्वी खरा नाही. श्वासाची गती मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे हाल्डेन व प्रीस्टली यांनी 1905 सालीच सिद्ध केले. निरोगी माणूस दमून थांबतो, तेव्हाही त्याच्या रक्तातील प्राणवायू बहुधा पुरेसा असतो. फुप्फुसाच्या रुग्णाची गोष्ट निराळी. त्याची शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते. म्हणून बसल्या जागी त्याचा प्राणवायू ठीक दिसतो आणि चार पावले चालताच घसरतो.

आपल्या लालबाग-परळला या तुटीची ओळख जुनी आहे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा आजार. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटे. आरंभी हा त्रास आठवड्याच्या त्या एकाच दिवशी होई, पण पुढे कित्येकांना तो कायमचा जडे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील गिरण्यांत याचा अभ्यास केला. 1982 च्या संपानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले, परंतु त्या खात्यांत राबलेल्या छात्या आजही या वस्तीत जिने चढत आहेत. पुढे 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने घरी असलेल्या रुग्णांना 6 मिनिटे चालून ऑक्सिमीटर पाहण्यास सांगितले, ते याच तत्त्वावर.

रुग्णांच्या आप्तांना आमची एक विनंती आहे. दमणारा माणूस तक्रार क्वचितच करतो. तो बाजारात जाणे सोडतो, प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकतो, पुढे खाली उतरतच नाही. घरचे म्हणतात, 'वय झाले.' श्रमच टाळल्यामुळे त्याला धाप लागत नाही आणि आजार झाकला जातो. म्हणून 'दम लागतो का?' एवढेच न विचारता, 'गेल्या वर्षी करत होता, त्यातले काय सोडले?' असेही विचारावे आणि उत्तर डॉक्टरांना सांगावे. बसल्या जागीही धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा प्राणवायू आधीच कमी असेल, तर घरी चालवून पाहू नये. तत्काळ रुग्णालयात आणावे.

विश्वस्त व देणगीदारांनी हे ध्यानी घ्यावे की 6 मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीस एक मोकळी मार्गिका, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर आणि एक प्रशिक्षित परिचारिका एवढेच लागते. मुखवटा लावून उच्छ्वासातील वायू मोजणारे यंत्र महाग असले, तरी दम हृदयाचा, फुप्फुसाचा की नुसत्या बैठ्या जीवनाचा, हे उलगडण्यास त्याची मोठी मदत होते. ज्याचे निदान वेळेवर होते, त्याला औषध, श्वसनाचा व्यायाम व शिस्तीने वाढवलेले चालणे यांच्या आधारे सोडलेल्या कामांपैकी काही पुन्हा करता येतात. आपल्या देणगीचे मोल आम्ही अशा चढलेल्या पायऱ्यांत मोजतो.