माणूस म्हणजे कोण?



'माणूस' या शब्दात आपण येतो का? प्रश्न हसण्यासारखा वाटेल. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात तो खरोखरच निघाला होता. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा इंग्रजी मसुदा पुरुषवाचक होता. त्यात स्त्रिया आल्याच, असे अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्टबाईंचे म्हणणे. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांना ते पटेना. काही देश शब्दावर बोट ठेवून बायकांना वगळतील, ही त्यांची धास्ती. 10 डिसेंबर 1948 रोजी जाहीरनामा संमत झाला, तो 'सर्व मानव' असे म्हणूनच. शास्त्राला एकच दिसणारी मनुष्यजात कायद्यात अशी भांडून लिहून घ्यावी लागली!

आपल्या उंबऱ्यावर मात्र अजून जुनाच मसुदा चालतो. दार आपण उघडतो, आणि येणारा विचारतो, "घरात कुणी माणूस नाही का?" आपणही सहज सांगतो, "नाही, बाहेर गेलेत."